खास हत्यारं स्वस्तात: कोणती घेतली, कोणती घडवली, कोणती परत केली

मोटरसायकलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं की दर दोन पानांनी एक चौकट भेटते. चौकटीत हत्याराचं चित्र, खाली कंपनीचा लांबलचक नंबर, आणि सूचना अशी की हे हत्यार नसेल तर पुढे जाऊ नका. मॅग्नेट काढायचंय, चौकट. क्लचचा नट, चौकट. फोर्कचं सील, पुन्हा चौकट. तो नंबर घेऊन शोधायला जावं तर हत्याराची किंमत त्या कामाच्या मजुरीपेक्षा जास्त निघते. मग माणूस एक तर गाडी गॅरेजला लावतो, नाही तर छिन्नी-हातोडा काढतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

माझ्याकडे दोन गाड्या आहेत. एक १५० सीसीची, हवेवर थंड होणारी सिंगल, म्हणजे एका सिलिंडरची, रोजच्या वापराची. दुसरी दोन कार्ब्युरेटरची जुनी जपानी पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी शेजारी दोन सिलिंडरांची. ती चालते कमी आणि उघडली जाते जास्त. नोकरी गेज-मायक्रोमीटर तपासण्याची, त्यामुळे कुठलंही हत्यार हातात आलं की आधी त्याला वर्निअर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) लावायची खोड लागली आहे. या दोन गाड्यांपायी जी खास हत्यारं जमा झाली, त्यांचा हा हिशेब.

हत्यार घेताना मी एकच प्रश्न विचारतो: या कामात नेमकं काय लागतंय? नुसता आकार, चांगलं पोलाद, की आकडा? नुसता आकार लागत असेल तर सगळ्यात स्वस्त हत्यार चालतं, घरी घडवलेलं तर त्याहून बरं. पोलाद लागत असेल तर स्वस्तातलं हत्यार पहिल्याच जोराला मान टाकतं. आणि आकडा लागत असेल, म्हणजे हत्यार काहीतरी मोजून सांगणार असेल, तर किंमत बघून काहीच कळत नाही. ते तपासूनच घ्यावं लागतं. महागातलीही चुकीचं सांगतात.

सुरुवात सगळ्यात क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपासून, म्हणजे फुलीच्या पेचकसापासून. जुन्या जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू हे फिलिप्स नसतात, जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे असतात. दिसायला सारखेच, पण खाचेचा कोपरा आणि तळ वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात पुरतं बसत नाही, जोर दिला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. मग लोक म्हणतात, जपानी स्क्रू लोण्यासारखे मऊ. पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की जेआयएस समजायचं. व्हेसल कंपनीचे पेचकस यासाठी घेतले आणि कार्ब्युरेटरच्या बाऊलचे स्क्रू, जे आधी कुणीतरी अर्धे खाऊन ठेवले होते, तेही निघाले. माप मात्र नीट बघा. ५ मिमीपर्यंतच्या बहुतेक स्क्रूंना २ नंबर, पण इंजिनाच्या झाकणांच्या ६ मिमी स्क्रूंना ३ नंबर लागतो. २ नंबर त्यातही बसल्यासारखा वाटतो, तिथेच घात होतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन छोटे स्क्रू हे तर या सगळ्यांचे बाप. त्यांना हात लावण्याआधी टोक खाचेत धरून वरून हातोडीची एक हलकी टिचकी मारायची, मगच फिरवायचं. या यादीत कमी पैशात सगळ्यात जास्त मनस्ताप वाचवणारी वस्तू हीच.

सोबत हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला, स्वस्तातला. त्याचं धूड चांगलं आहे, सोबत आलेली टोकं निव्वळ शोभेची. टोकं फेकून चांगल्या पोलादाची बसवली, तेव्हापासून तक्रार नाही. सेटमधल्या हत्यारांबाबत हे नेहमीचंच: पकडायचा भाग ठीक असतो, जिथे धातूला धातू भिडतो तिथे काटकसर केलेली असते.

आता टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायला मदत करणारा पाना. यावर जरा वेळ घालवणार आहे, कारण ॲल्युमिनियममधले आटे जितके या हत्याराने घालवले असतील तितके कशानेच नाही.

मोटरसायकलवर ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळायच्या जोराचं एकक) लागतात, ऑइलच्या ड्रेन बोल्टला २० ते ३०, आणि मागच्या ॲक्सलच्या नटाला ६० ते १०० च्या घरात. एकाच रेंचमध्ये हे सगळं बसत नाही. लावलेल्या आकड्याइतका जोर आला की 'टिक' आवाज देणारा रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली भरवशाचा नसतो. म्हणजे ४० ते २०० चा जो रेंच सगळीकडे स्वस्त मिळतो तो ॲक्सलपुरता बरा, बाकी गाडीला निरुपयोगी. मोटरसायकलवाल्याला आधी छोटा रेंच लागतो, गोटी (सॉकेट) बसायचा चौकोन तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ६० पर्यंतचा. चार सुताचा मोठा नंतर.

माझ्याकडचा छोटा टिकवाला स्वस्तातला आहे. त्याच्याबरोबर तपासणीचा कागद आला होता, छापील, सगळ्या रेंचना एकच असावा असा. म्हणून घरीच तपासला. व्हाइसमध्ये चौकोन पक्का धरायचा, दांडा आडवा ठेवायचा, आणि मुठीच्या मधोमध दोरीने माहीत असलेलं वजन लटकवायचं. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत ०.४० मीटर आणि वजन १० किलो असेल तर ९.८१ ने गुणून ३९.२ न्यूटन-मीटर होतात. त्यात रेंचचं स्वतःचं वजनही मिळवावं लागतं, हे लोक विसरतात. रेंच किलोभराचा असेल आणि त्याचा तोल चौकोनापासून १८ सेंटिमीटरवर असेल, तर त्याचेच पावणेदोन. म्हणजे एकूण ४१ च्या आसपास. आता आकडा वरखाली करत वजन हळूच सोडायचं. ज्या आकड्याला जेमतेम टिक येतो तो रेंचचा आकडा. झटक्याने सोडलं तर खोटं उत्तर मिळतं.

माझा रेंच मधल्या भागात ३ टक्क्यांच्या आत निघाला, जे खरोखर छान आहे. आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरच्या वरच्या टिकवाल्या रेंचना ४ टक्के इकडेतिकडे चालतं. पण तळाकडे, १० च्या आसपास, तोच रेंच १२ टक्के जास्त जोर लावून मग टिक करत होता. शिवाय तिथला टिक इतका बारीक की हातमोजे असतील तर जाणवतच नाही. नेमके ६ मिमीचे बोल्ट याच आकड्यावर आवळायचे असतात. त्यामुळे १० आणि त्याच्या खालच्या कामांसाठी मी काट्याचा रेंच वापरतो. त्यात एक लवचीक दांडी आणि एक सरळ काटा असतो, दांडी वाकते, काटा पट्टीवर आकडा दाखवतो. आत स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही, काटा शून्यावर नसेल तर हाताने वाकवून शून्यावर आणता येतो. दिसायला जुनाट, म्हणून स्वस्त मिळतो. माझ्या लेखी या किमतीतलं सर्वोत्तम मोजायचं हत्यार.

टिकवाला घेतलात तर काम झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली पिळू नका, आणि नट सोडवायला तो कधीच वापरू नका. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. एकाचे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पाउंड असतील तर १.३६ ने गुणा. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत १२ पटींचा फरक आहे, तो मात्र दोनदा वाचा.

चेन तोडायचं हत्यार हा माझा सगळ्यात वाईट अनुभव. अगदी स्वस्तातलं, डबीत येणारं, कंपनीचं नाव नसलेलं. तुमच्या चेनला बसेल का हे आधी नंबरावरून कळतं. ५२०, ५२५, ५३० यांतला पहिला ५ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर पाच सूत, १५.८७५ मिमी, ४२८ चं अंतर चार सूत, १२.७ मिमी. ५०० च्या चेनींमध्ये पुढचे आकडे रुंदीचे: ५२० दोन सूत, ५२५ अडीच, ५३० तीन. मी ५०० च्या सगळ्या चेनींना चालेल असं लिहिलेलं हत्यार घेतलं. चेनची पिन फुगवलेली असते, ती तशीच ढकलायला लागलं तर हत्याराचीच पिन आधी तुटते. म्हणून ग्राइंडरने पिनेचं डोकं सपाट करूनच लावलं. तरी हत्याराची पिन वाकली आणि दुसऱ्या कडीला तुटून आत अडकली. बॉडीवरचे आटेही त्याच बैठकीत गेले. परत पाठवलं.

तोडणं एक वेळ ग्राइंडरवर भागतं, पण नवी कडी रिव्हेट करणं भागत नाही. बाजूची पट्टी सरळ आणि नेमकी दाबायची असते. कमी दाबली तर ओ-रिंग (कडीतली रबरी चकती) तेल सोडते, जास्त दाबली तर कडी ताठ होते. शेजारच्या कडीची रुंदी वर्निअरने मोजायची आणि नवी कडी तेवढ्यावर आणायची. मग पिनेचं तोंड फुगवून चेनच्या पाकिटावर दिलेल्या व्यासाइतकं करायचं. इथे पोलाद आणि आकडा दोन्ही लागतात, म्हणून स्वस्ताचा नाद नको. डीआयडीचं केएम५००आर हे हत्यार एका मित्राकडे आहे. तोडणं, पट्टी दाबणं, फुगवणं, तिन्ही त्यातच. हातात घेतल्यावरच कळतं की याची पिन वेगळ्या मायेची आहे. पण चेन रोज कुठे बदलतो आपण? त्यामुळे आमच्यात ते एकच आहे आणि ज्याच्या गाडीला लागेल त्याच्याकडे मुक्कामाला असतं. लहान इंजिनाच्या ४२८ चेनला क्लिपची कडी येते, तिला यातलं काहीच लागत नाही, पक्कड पुरते. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे ठेवायचं, एवढं पाळा.

मॅग्नेटचा पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार, याच्या अगदी उलट. इथे निव्वळ आकार विकत घ्यायचा असतो, म्हणजे आट्यांचं माप. क्रँकचं टोक निमुळतं असतं आणि मॅग्नेट, म्हणजे चुंबकं बसवलेलं चाक, त्यावर घट्ट चढलेलं. तीन पायांचा साधा पुलर कडेला लावून ओढलं तर मॅग्नेटची कड वाकते, हातोडी मारली तर आतली चुंबकं सुटतात नाही तर क्रँक हलतो. मधल्या बोळात आटे असतात, त्यात पुलर फिरवून बसवायचा आणि मधला बोल्ट आवळायचा.

गोंधळ होतो तो मापाचा. आटे आतल्या बाजूला असले की वर्निअरने मोजताना आपण आट्यांच्या शिखरांमधलं अंतर मोजतो, आणि ते नावाच्या मापापेक्षा कमी भरतं. माझ्या सिंगलला आतून जेमतेम २५.९ भरले, पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायचं) १ मिमीला बसलं. ते २६ चे आटे नव्हेत, २७ चे. १ मिमी पिचला आतला व्यास नावापेक्षा साधारण १.०८ मिमी कमी असतो. '२६ चा पुलर बसत नाही' अशा ज्या तक्रारी वाचायला मिळतात, त्यांतल्या पुष्कळ याच असाव्यात. दुसरी गोष्ट दिशेची. लेथवाल्या काकांना माप सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "आटे उलटे की सुलटे?" बऱ्याच मॅग्नेटना डावे आटे असतात. बॅटरीचा उजेड आत पाडून आटे कुठल्या बाजूला चढतात ते नीट बघून घ्या, मगच मागवा. नेमक्या मापाचा पुलर शेवटी ऑनलाइनच मिळाला, लेथवर करून घेण्यापेक्षाही स्वस्त. तो कुठल्याशा वेगळ्याच मॉडेलच्या नावाने विकायला होता.

वापरताना पुलर आट्यांत शेवटपर्यंत जाऊ द्या. दोन-तीन आट्यांवर ओढलं तर मॅग्नेटचेच आटे निघतात, मग खरंच खर्च येतो. क्रँकचा नट टोकाच्या रेषेत येईपर्यंत सैल करून तसाच ठेवावा, म्हणजे पुलरचा बोल्ट क्रँकच्या आट्यांना दुखवत नाही आणि मॅग्नेट सुटून अंगावरही येत नाही. बोल्ट आवळून ठेवून डोक्यावर एक ठोका. 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि मॅग्नेट मोकळं होतं. आतली अर्धचंद्री चावी लगेच बाजूला ठेवा. परत बसवताना मॅग्नेटच्या पोटात बोट फिरवा, वॉशर, किस, कधीकधी एखादा हरवलेला नटही तिथे चिकटलेला सापडतो.

यावरूनच स्वस्त हत्यारं शोधायची माझी पद्धत ठरली: मॉडेलचं नाव टाकून शोधायचं नाही, माप टाकून शोधायचं. गाडीच्या नावाने विकलेल्या हत्याराला त्या नावाची किंमत लागते. कंपनीचा टूल नंबर टाकला की तेच हत्यार आणखी कोणकोणत्या गाड्यांना चालतं याची यादी निघते, आणि त्यातली एखादी गाडी इतकी खपलेली असते की तिच्यासाठी बनवणारे ढिगाने असतात. विकणाऱ्याने माप लिहिलं नसेल तर वर्निअर लावलेला फोटो मागतो. देत नसेल तर पुढे. आणि चाळीस नगांचा सेट कधीच नाही. त्यातले तीन लागतात, त्यातलंही एक मापाचं नसतं.

पुढच्या ॲक्सलला मोठं षटकोनी भोक असलेल्या गाड्या बऱ्याच आहेत: १७, १९, २२ नाही तर २४ मिमी. एवढी मोठी ॲलन की कोण बाळगतं? साधा बोल्ट घ्या. जुन्या डीआयएन (जर्मन मानकाच्या) मापात १० मिमी बोल्टचं डोकं १७ मिमी असतं, १२ मिमीचं १९, १४ मिमीचं २२ आणि १६ मिमीचं २४. त्या बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून कुलूप करायचं, डोकं ॲक्सलमध्ये, पाना नटावर. एकच खबरदारी: आयएसओ मापाच्या बोल्टची डोकी लहान असतात, १० ला १६, १२ ला १८, १४ ला २१. दुकानदाराला नुसतं 'बारा मिमी बोल्ट' म्हटलं तर यातला कुठलाही हातात पडेल, म्हणून डोकं मोजून घ्या. बोल्ट ८.८ ग्रेडचा असावा. विकतची षटकोनी गोटीही वापरून पाहिली. फरक शून्य.

क्लचच्या चार खाचांच्या नटाची गोटीही घरीच झाली. जुनी, जाड भिंतीची गोटी घेतली, तोंड सपाट केलं, नटावर शाई लावून ठसा उमटवला आणि ग्राइंडरने चार दात सोडून बाकीचं कापलं. दात थोडे जाडच ठेवायचे आणि मग कानशीने नटात घट्ट बसतील इतपत उतरवायचे. सैल दात नटाच्या खाचा गोल करतात. क्लचचं हब (मधला भाग) धरून ठेवायला जुन्या क्लचच्या दोन स्टील प्लेटा एकावर एक ठेवून त्यांना लांब पट्टी वेल्ड करून घेतली. दोन अशासाठी की हब ॲल्युमिनियमचं असतं, एकाच प्लेटीच्या दातांवर सगळा जोर आला तर त्याच्या खोबणींत ठसे उमटतात. विकतचं क्लच होल्डर पकडीसारखं असतं, बऱ्याच गाड्यांना बसतं, पण कुठल्याच गाडीला मनापासून बसत नाही. ऐन जोराला घसरतं.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, बारीक फट मोजायला फिलर गेज, ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. इथे आकडा लागतो, म्हणून स्वस्त गेज मी मायक्रोमीटरखाली घातलं, आणि निकाल अनपेक्षित निघाला: जाडी अगदी बरोबर होती. पातळ पोलादी पट्टी नेमक्या जाडीत लाटणं हे जुनंच तंत्र आहे, त्यात स्वस्तवाले मार खात नाहीत. मार खातात ते पात्यांच्या लांबी-रुंदीत. सरळ, रुंद पातं टॅपेटच्या खोबणीत तिरकं शिरतं आणि घट्ट लागतं, मग आपण गॅप नको तेवढी वाढवतो. टोकाला वाकवलेली, अरुंद पाती घ्या. पाती पुसून घ्या, तेलाचा थर आणि कचरा यांचीही जाडी असते. घट्ट-सैल या अंदाजापेक्षा आत-बाहेर ही रीत मला पटते: ०.०८ गेलं पाहिजे आणि ०.१० अडलं पाहिजे, म्हणजे गॅप मधे कुठेतरी आहे. इंजिन थंड हवं, हे सांगायला नकोच. स्क्रूच्या टॅपेटचा छोटा चौकोन धरायचं हत्यार जमेल तितकं स्वस्त घ्या, त्याला काही जोर येत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली वस्तू. दोन कार्ब्युरेटर हवा एकसारखी ओढतात की नाही हे बघायला व्हॅक्यूम गेज लागतात. दोन डायलचा सेट मागवला. दोन्ही नळ्या एकाच कार्ब्युरेटरवर आळीपाळीने लावल्या तर दोन डायल वेगवेगळे आकडे दाखवू लागले. म्हणजे हे दोघं मिळून मला दोन कार्ब्युरेटरमधला फरक सांगणार होते, आणि त्यांच्या स्वतःतच फरक! तोही परत.

त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकची चार-पाच मीटर नळी घेतली, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, खालच्या वळणात थोडं इंजिन ऑइल भरलं आणि दोन टोकं दोन कार्ब्युरेटरच्या नळांना जोडली. जो जास्त ओढतो त्याच्या बाजूला तेल चढतं. दोन्ही बाजू सारख्या पातळीवर आल्या की काम झालं. यात आकडा नाहीच, म्हणून तपासणीही नको. आपल्याला किती ओढतात ते नकोय, सारखं ओढतात का एवढंच हवंय, आणि त्यासाठी पातळीइतकं प्रामाणिक उपकरण नाही. तेल जड नसल्यामुळे अगदी बारीक फरकही बोटभर दिसतो. हाच त्याचा धोकाही आहे. फरक मोठा असेल तर तेल सरळ इंजिनात ओढलं जातं. म्हणून नळी लांब ठेवा, दोन्ही टोकांजवळ हवा बारीक वाटेने जाईल असा अडथळा बसवा, आणि बोटांनी नळी दाबून धरूनच इंजिन चालू करा. हळूहळू सोडा. पाऱ्याच्या जुन्या नळ्या कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका, पारा विषारी आहे आणि एकदा सांडला की भरता येत नाही.

ब्रेकचं ऑइल बदलायला औषधाची मोठी सिरिंज आणि नळी, बस. हातपंपाने खालून ओढणारं हत्यार घेतलं होतं. निपलच्या (ब्रेकमधली हवा सोडायच्या तोटीच्या) आट्यांमधून हवा ओढली जाते, नळीत बुडबुडे येतच राहतात आणि लाइनमध्ये हवा आहे की नाही कळत नाही. सिरिंजने खालून वर ढकललेलं बरं, कारण हवेला तसंही वरच जायचं असतं. मात्र वरच्या टाकीतलं जुनं ऑइल आधी काढून घ्या, नाही तर ते ओसंडून रंगावर जाईल. निपलला सहा कोनांचा रिंग पाना लावा, फिक्स पाना नाही.

बेअरिंग बसवायचं हत्यार म्हणजे आटेवाला लांब रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी. दाब बाहेरच्या कडीवरच यावा, एवढाच नियम. चाकात ६३०२ असेल तर १५, ४२ आणि १३ मिमी ही मापं, त्यावरून वॉशर शोधा. आंधळ्या भोकातलं बेअरिंग काढायला भिंतीत ठोकायचा फुगणारा अँकर बोल्ट चालतो. विकतचा फुगणाऱ्या नळ्यांचा पुलर-सेटही बरा आहे, फक्त त्याच्याबरोबरचा सरकता हातोडा इतका हलका की नुसती टकटक. जड हातोडा जोडला तर सेट पैसे वसूल करतो. चाकाचं हब आधी गरम हवेने तापवायचं, अर्धं काम तिथेच होतं.

फोर्कचं सील ठोकायला सरळ फोर्कसाठी योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइप पुरतो, तोंड काटकोनात कापलेलं आणि कड घासून गुळगुळीत केलेली हवी. उलट्या फोर्कला (ज्यात जाड नळी वर असते) मात्र दोन फाकांचा ड्रायव्हर लागतो, कारण पाइप वरून घालायला वाटच नसते. त्यातला स्वस्त चालतो. फोर्कचा व्यास मोजून घ्या. ४१ आणि ४३ शेजारी असले तरी एकमेकांचे नव्हेत.

शेवटी कॉम्प्रेशन टेस्टर, सिलिंडरातला दाब मोजायचं हत्यार, ज्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्वस्त सेटमध्ये लांब रबरी नळी आणि बरेच जोड येतात, १०, १२, १४ मिमीच्या प्लगांसाठी. पण हवा अडवणारा व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा. माझ्या सेटमध्ये तो गेजजवळ होता, म्हणजे सगळी नळी ज्वलनकक्षाचाच भाग बनते. मोठ्या कारच्या सिलिंडरला त्याने फारसं बिघडत नाही, १५० सीसीच्या इंजिनात आकडा चांगलाच खाली येतो. थ्रॉटल पूर्ण उघडून, बॅटरी भरलेली ठेवून मोजलं तरी धडधाकट इंजिन मरायला टेकलंय असं दाखवत होता. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी असलेला हवा. असे मिळतात, पण १० मिमी प्लगचा जोड आणि टोकाशी व्हॉल्व्ह, दोन्ही एकत्र असलेला स्वस्तातला अजून हाती लागलेला नाही. तोवर जुन्याच सेटवर दोन सिलिंडरांची एकमेकांशी तुलना तेवढी करतो, ती चालते. सिंगलला तुलना करायला दुसरा सिलिंडर नाही, त्यामुळे तिच्या रिंगा कशा आहेत हे सध्या सायलेन्सरचा धूर आणि तेलाची पातळी बघूनच ठरतंय.